ईएसआर नॉर्मल, बोटं सुजलेली

बहारीनमधल्या मनामातल्या ज्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे संधिवाताचा संशय असला की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा चार नावं असतात: ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी. रुग्णाच्या लेखी चारही सारख्याच. पण त्यांचं वजन सारखं नाही.

ईएसआरसाठी उभ्या नळीत रक्त तासभर ठेवायचं आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. शरीरात दाह असला की पेशींची नाण्यांसारखी चळत लागते आणि त्या भराभर खाली येतात. बहारीनमध्ये मात्र सिकलसेलचे रुग्ण बरेच. लग्नाआधीची रक्ततपासणी इथे 2004 पासून कायद्याने सक्तीची झाली, त्यात हा आजार मुख्य. सिकलसेलमध्ये वाकड्या झालेल्या लाल पेशींची चळत लागत नाही. मग मूठ वळत नाही इतकी बोटं सुजलेली आणि नळीतला आकडा दोन-तीन! सिकलसेल असलेल्या गडचिरोली-नंदुरबारकडेही हे ध्यानात ठेवायला हवं. अशा वेळी दाह दाखवणारा सीआरपी बघावा. पण सिकलसेलच्या कळा उठल्या की तोही चढतो.

आरए फॅक्टर दोन मिनिटांत दिसतो. काळ्या वर्तुळात सीरमचा एक थेंब, लॅटेक्सचा एक, आणि स्लाइड हलकेच फिरवत राहायचं. पॉझिटिव्ह असेल तर दुधाळ थेंब बघता बघता रवाळ होतो. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी 1940 मध्ये मेंढीच्या लाल पेशींवर ओळखला तो हाच घटक. चाचणी स्वस्त आहे, पण हिपॅटायटिस सी असला, क्षय असला, नुसतं वय झालं तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

अँटी-सीसीपीची प्लेट 96 खळग्यांची. शेवटी आम्ल घातलं की निळा रंग पिवळा होतो. जितका गडद, तितकी प्रतिपिंडं जास्त. 2007 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दोन्ही चाचण्यांनी शंभरातले जेमतेम सत्तर रुग्ण पकडले होते. फरक खोट्या पॉझिटिव्हमध्ये: आजार नसलेल्या शंभरांत आरए फॅक्टर सुमारे 15 जणांना गोवतो, अँटी-सीसीपी पाचांना. एकच चाचणी परवडत असेल तर माझं मत अँटी-सीसीपीला.

तरी तीस टक्के रुग्ण तिच्याही हाती लागत नाहीत. म्हणून सकाळी बोटं तासभर आखडत असतील, सूज ओसरत नसेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवर थांबू नका. संधिवाततज्ज्ञांना हात दाखवा. आणि घरात सिकलसेल असेल तर ते आधी सांगा.