विजेला बाहेरची वाट

ऑक्टोबरात भात कापणीला येते आणि नेमके तेव्हाच, दुपार कलली की, महाबळेश्वर-प्रतापगडाच्या अंगाने काळे ढग कोकणात उतरू लागतात. पोलादपुरात गडगडाट सुरू होतो, मग महाडची पाळी येते, आणि सावित्रीकाठच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडांवर आलेली माणसे आडोसा शोधू लागतात. गोवा-केरळकडून मुंबईला येणारी विमाने याच आकाशात उतरणीला लागतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि रायगड जिल्ह्याला स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ मिळाला. तेव्हा ढगातल्या विजेचे आणि विमानाचे नाते हा विषय आता इथल्या माणसाला परका राहिलेला नाही.

ढगावरून उडून का जात नाहीत? कारण प्रवासी विमाने साधारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात आणि गडगडाटी ढगाचा माथा सहज त्याच्याही वर पोहोचतो. म्हणून वैमानिक रडारवर पाहून अशा ढगाला लांबून वळसा घालतात. शक्यतो ३५-४० किलोमीटरचा. पण हे रडार वीज दाखवत नाही, पावसाचे थेंब आणि गारा दाखवते. शिवाय चढताना आणि उतरताना ढगात शिरणे नेहमीच टळत नाही. त्यामुळे सरासरी पाहिली तर प्रत्येक प्रवासी विमानावर वर्षातून एकदा तरी वीज पडतेच.

‘पडते’ म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. बहुतेक वेळा विमानच तिला बोलावते. १९७९ ते १९८६ या काळात अमेरिकेच्या नासाने एफ-१०६ जातीचे एक लढाऊ विमान मुद्दाम वादळी ढगांत घातले. सुमारे दीड हजार वेळा ते ढगात शिरले आणि ७१४ वेळा त्याला वीज लागली. या धाडसातून कळले ते असे, की भारलेल्या ढगात लांबलचक धातूचे विमान आले की त्याच्या टोकांशी विद्युतक्षेत्र एकवटते आणि ठिणगी तिथूनच सुरू होते. विमान नसते, तर त्या जागी त्या क्षणी वीज चमकलीही नसती.

मग माणसे वाचतात कशी? मायकेल फॅरेडेने १८३६ साली धातूने मढवलेला खोलीएवढा पिंजरा बांधला, त्याला बाहेरून जबर विद्युतभार दिला आणि स्वतः आत जाऊन बसला. भार बाहेरच राहिला, आत उपकरणांना काही कळले नाही. पोलादपूरहून घाट चढणारी एसटीसुद्धा याच न्यायाने विजेपासून बरीच सुरक्षित असते. टायरच्या रबरामुळे नव्हे, पत्र्याच्या सांगाड्यामुळे. विमानाचे ॲल्युमिनियमचे कवचही तेच करते. वीज नाकाशी किंवा पंखाच्या टोकाशी शिरते, पत्र्यावरून धावते आणि शेपटीकडून निघून जाते. नेहमीच्या विजेत ३०,००० अँपियरच्या आसपास प्रवाह असतो. विमानाचे भाग तपासताना २,००,००० अँपियरचा झटका धरतात.

खरी भीती इंधनाची. ८ डिसेंबर १९६३ रोजी पॅन ॲमचे बोइंग ७०७ फिलाडेल्फियाला उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालत होते. मेरीलँड राज्यातील एल्कटनजवळ त्याला वीज लागली, डाव्या पंखातल्या टाकीतील वाफ पेटली आणि ८१ जण मृत्युमुखी पडले. पुढचे बरेचसे नियम या अपघातातून आले. टाकीवरचा ॲल्युमिनियमचा पत्रा जळून भोक पडणार नाही इतका जाड, सुमारे दोन मिलिमीटर, ठेवू लागले. टाकीची झाकणे, नळ्या, सांधे यांत ठिणगी उडू नये म्हणून सगळे भाग धातूच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडतात. रडार असलेले नाक धातूचे करता येत नाही, म्हणून त्यावर वीज वाहून नेणाऱ्या बारीक पट्ट्या बसवतात. पंखांच्या मागच्या कडेला दिसणाऱ्या काड्या मात्र वीज अडवण्यासाठी आहेत हा समज चुकीचा आहे. हवेच्या घर्षणाने साठलेला भार सोडून देऊन रेडिओतली खरखर टाळणे, एवढेच त्यांचे काम.

नवी पंचाईत कार्बनने आणली. बोइंग ७८७ च्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन तंतूंच्या संमिश्राचा आहे. हे द्रव्य हलके आणि मजबूत, पण वीज वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या पासंगालाही न पुरणारे. म्हणून रंगाच्या थराखाली तांब्याची तलम जाळी अंथरावी लागते. धातूला जे अंगचेच होते, ते इथे वरून शिवावे लागले. या विमानाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे: प्रवाशांच्या पायाखालच्या तक्तपोशीला आधार देणारे संमिश्राचे आडवे वासे नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बनले आहेत.

इतके असूनही वीज निरुपद्रवी ठरत नाही. ५ मे २०१९ रोजी मॉस्कोहून निघालेल्या सुखोई सुपरजेटला वीज लागली, रेडिओ आणि स्वयंचलित नियंत्रण बिघडले, विमान परत फिरले. उतरताना ते धावपट्टीवर आपटत गेले, टाक्या फुटल्या आणि ४१ जण गेले. आग विजेने लावली नव्हती. पण गोंधळाची सुरुवात तिनेच केली. ढगात शिरताना वैमानिक कक्षातले दिवे पूर्ण उजळ ठेवतात, तेही अशाच कारणासाठी, लखलखाटाने डोळे दिपून काटे दिसेनासे होऊ नयेत.

वीज लागलेले विमान उतरले की अभियंते नाकापासून शेपटीपर्यंत काळे डाग, वितळलेली रिव्हेटची डोकी, सुईच्या टोकाएवढी भोके शोधतात. होकायंत्र बिघडले नाही ना तेही पाहतात. कार्बनच्या अंगावर वरून ओरखडासुद्धा नसताना आत थर सुटलेले असू शकतात, म्हणून तिथे ध्वनिलहरींनी तपासणी करतात. त्यात तास जातात आणि पुढचे उड्डाण रखडते. परतीच्या पावसात असे झाले, तर काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका. तपासणी पुरी होऊ द्या.