शाळा कोणाची? : जॉन विल्सन आणि मुंबईची स्कॉटिश शाळा

वसंत ऋतू हा आपल्याकडे जसा व्याख्यानांचा, तसाच शाळाप्रवेशांच्या चिंतेचाही ऋतू आहे. परीक्षा आटोपलेल्या असतात आणि मुलाला कोणत्या शाळेत घालावे याचा खल घरोघर चाललेला असतो. फी किती, इंग्रजी कसे, मास्तर कोण, येथवर चौकशी होते. परंतु ही शाळा कोणाची, ती कशासाठी काढली, आणि तिच्या चालकांना आपल्या मुलाचे काय करावयाचे आहे, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र एका खाजगी शाळेच्या बाबतीत हेच प्रश्न इतक्या तीव्रतेने विचारले गेले, की ते थेट न्यायासनापुढे गेले. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८३२ साली मुंबईत काढलेली ती शाळा. आजचे विल्सन कॉलेज हे तिचेच वाढलेले रूप. तिचा इतिहास पाहताना, शाळा चालविणे म्हणजे नेमके काय, याचाही थोडा विचार करता येईल.

प्रथम 'प्रेस्बिटेरियन' या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. 'प्रेस्बिटर' हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ वडीलधारा माणूस. या पंथात बिशप नसतो. गावच्या मंडळीचा कारभार धर्मोपदेशक आणि मंडळीतले निवडलेले वडील मिळून पाहतात. त्यांच्यावर प्रांताची सभा आणि सर्वांच्या वर दरसाल भरणारी 'जनरल असेंब्ली', म्हणजे सर्वसाधारण सभा. ज्या पंथात सामान्य माणसाने सभेत बसून मत द्यावयाचे आणि धर्मग्रंथ स्वतः वाचावयाचा, तेथे अक्षरओळख ही चैन राहत नाही, ती गरज होते. म्हणूनच १५६० साली जॉन नॉक्स व त्यांचे सहकारी यांनी स्कॉटिश चर्चच्या व्यवस्थेचा जो आराखडा केला, त्यातच ठिकठिकाणी शाळा असावी असे सांगितले होते. पुढे १६९६ साली तेथील पार्लमेंटने शाळेची जागा आणि मास्तराचा पगार यांचा भार गावोगावच्या जमीनदारांवर कायद्याने टाकला. अशा देशातला धर्मोपदेशक परदेशी गेला, म्हणजे प्रार्थनामंदिराबरोबर शाळाही काढणार, हे ओघानेच आले.

या लोकांचे महाराष्ट्रातले पहिले पाऊल मुंबईत नव्हे, तर कोकणात स्थिरावले. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल येथे आले आणि सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला, काम सुरू झाले. ते स्वतः त्याच वर्षी मरण पावले. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै येथे मराठी शाळा चालविल्या. काही वर्षांनी या मिशनची दोन मोठी ठाणी झाली, एक मुंबई आणि दुसरे पुणे. या दोन ठाण्यांमधली वाट आपल्याच मुलखातून जात असे. मुंबईहून मचव्याने पनवेल, तेथून चौक, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट. घाटातून गाड्या जाऊ लागल्या त्या १८३० साली, आणि आगगाडी घाट चढली ती १८६३ साली.

जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ साली स्कॉटलंडमधील लॉडर या गावी झाला. १८२९ च्या फेब्रुवारीत ते पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस उतरले. उतरल्याबरोबर त्यांनी शाळा काढली नाही. ते कोकणात हर्णैला गेले आणि मराठी शिकू लागले. ही गोष्ट लहान दिसते, पण पुढच्या सगळ्या कार्याचा पाया तीच आहे. कलकत्त्यात त्यांच्याच पंथाच्या अलेक्झांडर डफ यांनी १८३० साली राजा राममोहन रॉय यांच्या साह्याने शाळा काढली, तिचा भर इंग्रजीवर होता. विल्सन यांनी मात्र इंग्रजी शाळा काढण्याआधी मराठी आत्मसात केली, संस्कृतचा अभ्यास केला, आणि इंग्रजी शाळा सुरू झाल्यावरही देशी भाषांना तिच्यात जागा ठेवली. ज्या मुलांना शिकवावयाचे, त्यांच्या घरात कोणती भाषा बोलली जाते हे मुख्याध्यापकाला ठाऊक असले पाहिजे, हा धडा त्यांनी कोणत्याही भाषणाशिवाय घालून दिला.

मार्गारेट विल्सन यांचे काम पतीच्या कामाहून कमी मोलाचे नव्हते. त्याही मराठी शिकल्या आणि मुंबईत मुलींच्या शाळा त्यांनी उघडल्या. मुलीने अक्षर गिरविले तर तिच्यावर वैधव्य येते, असे मानणारा तो काळ होता. अवघ्या सहा वर्षांत, १८३५ च्या एप्रिलमध्ये, त्या मुंबईतच निवर्तल्या. पुढे त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांनी ते काम उचलले. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपली परंपरा १८३२ पर्यंत नेते, ती याच प्रयत्नापर्यंत.

विल्सन यांची मुलांची शाळा गिरगावात आंब्रोळी येथे सुरू झाली. १८३५ साली हे मिशन चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीकडे आले आणि शाळेलाही 'जनरल असेंब्लीची शाळा' असे नाव पडले. हिंदू, पारशी, मुसलमान, बेने इस्रायल अशा सर्व समाजांची मुले तेथे येत. बायबल हा विषय तेथे रोज शिकविला जाई, आणि मुलांनी ख्रिस्ती व्हावे अशी चालकांची इच्छा होती. ही इच्छा त्यांनी लपवून ठेवली नव्हती. उलट विल्सन यांनी मोरभट दांडेकर यांच्याशी मुंबईत जाहीर धर्मचर्चा केली. मोरभटांनी 'श्री हिंदुधर्मस्थापना' हा ग्रंथ लिहिला आणि विल्सन यांनी त्याला उत्तर लिहिले. पालकांना सर्व ठाऊक होते. तरीही इंग्रजी विद्येच्या ओढीने ते मुले पाठवीत. आपला मुलगा विद्या घेईल आणि धर्म तेवढा सोडून देईल, असा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब १८३९ साली चुकला. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी मे महिन्यात बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात हलकल्लोळ उडाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. धनजीभाई सोळा-सतरा वर्षांचे होते; स्वतःपुरता निर्णय घेण्याइतके ते समजते आहेत, असे कोर्टाने ठरविले. कोर्टात शाळा जिंकली, पण वर्ग ओस पडले. चार वर्षांनी, १८४३ साली, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला. श्रीपत अगदीच अल्पवयी होता. या वेळी कोर्टाने मुलाला वडिलांच्या हवाली केले. पण घरी परत आलेल्या श्रीपतला जात परत घेईना. तेव्हा 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले. सनातन्यांचा विरोध पत्करून त्यांनी त्याला प्रायश्चित्त देवविले आणि स्वधर्मात घेतले.

या दोन खटल्यांत केवळ मिशनरी दोषी की केवळ पालक दोषी, असा निवाडा करण्यात अर्थ नाही. ज्या वयात मूल घरच्यापेक्षा गुरुजींचे अधिक ऐकते, त्या वयात त्याच्या श्रद्धेवर हात टाकण्याचा अधिकार शाळेला आहे काय, ही पालकांची शंका रास्त होती. आणि जाणत्या तरुणाने स्वतः विचार करून घेतलेला निर्णय जातीने मोडून काढावा काय, ही मिशनऱ्यांची शंकाही रास्त होती. कोर्टाने वयाची मर्यादा पाहिली. बाळशास्त्र्यांनी त्याहून पुढची गोष्ट पाहिली. परत येणाऱ्याला दार उघडे नसेल, तर बाहेर नेणाऱ्याला नावे ठेवून काय उपयोग, हे त्यांनी आपल्या समाजाला कृतीने विचारले.

त्याच १८४३ साली शाळेवर दुसरे संकट आले, ते स्कॉटलंडहून. गावच्या मंडळीचा धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, या वादातून मे महिन्यात चर्च दुभंगले. सुमारे ४७० धर्मोपदेशक आपली घरे आणि वेतने सोडून बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' स्थापन केले. विल्सन तेव्हा प्रवासात होते. मुंबईची शाळा रॉबर्ट नेस्बिट आणि जॉन मरे मिचेल सांभाळीत होते. या सर्वांनी फ्री चर्चचा पक्ष घेतला. त्याचा अर्थ असा, की मालमत्ता जुन्या चर्चची म्हणून इमारत, पुस्तके, उपकरणे सारे मागे ठेवून त्यांना निघावे लागले. शिक्षक आणि विद्यार्थी मात्र त्यांच्याबरोबर निघाले. भाड्याच्या जागेत वर्ग भरले, आणि पुढे खेतवाडीत स्वतःची वास्तू झाली. इमारत गेली तरी शाळा जात नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

मुख्याध्यापक म्हणून विल्सन यांचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की शिकविताना त्यांनी स्वतः शिकणे थांबविले नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ते अध्यक्ष होते. पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या अभ्यासासाठी १८४८ साली जी समिती नेमली गेली, तिचेही तेच प्रमुख. आपल्या कर्जत तालुक्यातल्या, राजमाचीच्या पायथ्याच्या कोंढाणे लेण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते त्या समितीच्या कामावर असलेल्या पंडित विष्णुशास्त्री यांनी. १८६८ ते १८७० या काळात विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि १८७५ साली मुंबईतच त्यांचा अंत झाला. त्यांच्यानंतर आलेल्या डॉ. मॅकिकन यांच्या कारकीर्दीत, १८८९ साली, चौपाटीवरची कॉलेजची प्रसिद्ध इमारत उभी राहिली.

आता ज्या इच्छेने शाळा काढली, ती कितपत फळास आली ते पाहू. धनजीभाई आणि नारायण शेषाद्री हे दोघेही पुढे धर्मोपदेशक झाले. शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. पण असे विद्यार्थी थोडे. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी विद्या घेतली आणि तिचे काय करावयाचे ते स्वतः ठरविले.

याचे पहिले उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्याचेच आहे. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायल, ज्यांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत, ते अलिबाग आणि आसपासच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना आपले मूळ धर्मग्रंथ हिब्रूत वाचता येईनात, तेव्हा विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. हेतू हा, की जुना करार वाचता वाचता ते नव्या कराराकडे यावेत. झाले उलट. हिब्रू हाती आल्यावर त्या समाजाचा स्वतःच्या धर्माचा अभ्यास वाढला. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी यहुदी प्रार्थना मराठीत आणल्या, आणि अलिबागेत जन्मलेल्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्रायलांची स्वतःची शाळा काढली.

दुसरे उदाहरण पुण्याचे. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले, म्हणून १८४१ साली जोतीराव फुले यांना पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा घातले गेले. १८४७ पर्यंत ते तेथे शिकले. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र त्यांना याच काळात लाभले. पण त्यांच्या मनाची पकड घेतली ती थॉमस पेनच्या मानवी हक्कांवरील ग्रंथाने, आणि पेन हा तर प्रस्थापित ख्रिस्ती चर्चचा कडवा टीकाकार! जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली.

तिसरे उदाहरण विसाव्या शतकातले. 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा महाग्रंथ लिहिणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे विल्सन कॉलेजचे विद्यार्थी. हिंदू धर्मशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक प्रेस्बिटेरियन कॉलेजात घडला, आणि पुढे १९४७ साली विल्सन यांच्याच कुलगुरुपदावर बसला.

तेव्हा शाळा कोणाची? मिशनरी म्हणत, ज्या चर्चने पैसे दिले त्याची. पालक म्हणत, ज्यांनी मुले दिली त्यांची. १८४३ साली चर्चचे दोन तुकडे झाले. १९२९ साली त्यांतले बहुतेक सांधले गेले. आणि १९७० साली या मिशनच्या येथील मंडळ्या उत्तर भारताच्या चर्चमध्ये विलीन झाल्या. शाळेच्या दारावरचे मालकाचे नाव असे बदलत गेले, पण बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने जे केले ते टिकले.

आजही खाजगी शाळा निघतात. कोणी धर्मासाठी, कोणी जातीच्या उन्नतीसाठी, कोणी निव्वळ व्यवसाय म्हणून काढतो. संस्थापकाचा हेतू पालकांनी जरूर विचारावा, आणि चालकांनी तो विल्सन यांच्यासारखा उघड सांगावा. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी : गुरुजींशी मतभेद झालेल्या मुलाचे या शाळेत काय होते? ज्या शाळेत अशा मुलाला जागा असते, तिचे चालक चुकले तरी तिचे विद्यार्थी वाया जात नाहीत.

कोंढाण्याच्या लेण्यात एका भग्न मूर्तीजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा एक छोटा ब्राह्मी लेख आहे. हे काम कण्हाचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, बलक याने केले, एवढाच त्याचा आशय. तेथे गुरूचे नाव आहे, पण काम शिष्याचे आहे. आपल्या तालुक्यातल्या या जुन्या शिष्याने शाळा कोणाची याचे उत्तर देऊन ठेवले आहे, असे मला वाटते.