सरळ वर उडणारा ड्रोन : घेण्याआधी वजनाचे गणित समजून घ्या

शेतातील औषधफवारणी, जमिनीची मोजणी, लग्नाचे चित्रीकरण अशा कामांसाठी आता ड्रोन सर्रास वापरले जातात. कर्ज काढून या धंद्यात उतरणारे तरुणही आहेत. मात्र खरेदी करताना पुष्कळजण फक्त किंमत आणि कॅमेरा पाहतात. हे यंत्र हवेत कशाच्या जोरावर टिकते, हे ठाऊक नसेल तर एकाच अपघातात भांडवल मातीत जाऊ शकते.

चार पंख्यांच्या ड्रोनला सुकाणू नसते. पंख्यांचा वेग कमी-जास्त करणे एवढेच त्याच्या हाती असते. चौघांचा एकूण जोर वजनाइतका झाला की तो जागच्या जागी तरंगतो. मागचे पंखे जोरात फिरले की तो पुढे झुकतो व पुढे सरकतो. दोन पंखे एका दिशेने आणि दोन उलट दिशेने फिरतात, म्हणून तो स्वतःभोवती गरगरत नाही.

हा तोल आपोआप राहत नाही. आतील छोटा संगणक दर सेकंदाला शेकडो वेळा झुकाव मोजून दुरुस्ती करतो. चूक आता किती आहे, किती साचली आहे आणि किती वेगाने बदलते आहे, या तीन गोष्टी तो पाहतो. जहाजाचे सुकाणू आपोआप चालावे म्हणून निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ साली मांडलेली ही रीत आज ड्रोनमध्ये वापरली जाते.

पण दुरुस्ती किती करायची, हे वजन, पंख्यांमधील अंतर आणि मोटारींची ताकद यांवर ठरते. म्हणूनच कुशल उत्पादक आधी गणिती नमुना तयार करून तो संगणकावर उडवून पाहतात. ग्राहकाने मागाहून जड कॅमेरा बांधला की हे गणित बिघडते. ड्रोन थरथरतो किंवा वळायला उशीर करतो. शिवाय त्याच पंख्यांवर वजन दुप्पट झाले, तर तरंगायला लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, जवळजवळ २.८ पट होते. बॅटरी लवकर संपते ती यामुळेच.

लांब पल्ल्यासाठी पंख्यांवर सरळ वर चढून पुढे विमानासारखे पसरट पंखांवर उडणारे ड्रोन निघाले आहेत. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ साली स्थापन केलेल्या आयडियाफोर्ज कंपनीला अशाच ड्रोनसाठी जानेवारी २०२१ मध्ये भारतीय लष्कराची मागणी मिळाली. यात पंख्यांवरून पंखांवर भार जाण्याचा क्षण सर्वांत नाजूक असतो. पुरेसा वेग येण्यापूर्वी पंखे थांबले, तर यंत्र खाली येते.

तेव्हा विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारा. भरलेल्या टाकीसह जास्तीत जास्त वजन किती? त्या वजनावर उड्डाण किती मिनिटे? भाग बदलल्यावर तोल पुन्हा कोण जुळवून देणार? उत्तरे लेखी घ्या. ड्रोन नियम २०२१ नुसार नोंदणी आणि चालकाचे प्रमाणपत्र कोणाला लागते, हेही तपासा. तोल जुळवण्याचे काम शिकून घेणाऱ्या कारागिरालाही या धंद्यात चांगला वाव आहे.