स्वाक्षरीचे मोल

अमेरिकेत ज्या खेळाला नुसते ‘फुटबॉल’ म्हणतात, त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. लंबगोल चेंडू छातीशी धरून धावायचे, अथवा तो दूरवरच्या सहकाऱ्याकडे अचूक फेकायचा आणि प्रतिपक्षाची फळी भेदून मैदानाचे टोक गाठायचे, असे या खेळाचे ढोबळ स्वरूप आहे. आपल्याकडे क्रिकेटपटूने सही केलेली बॅट ज्या कौतुकाने दिवाणखान्यात ठेवली जाते, त्याच कौतुकाने अमेरिकेत या खेळातील नामवंतांच्या स्वाक्षऱ्या असलेले चेंडू, शिरस्त्राणे, जर्सी आणि छायाचित्रे जपली जातात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांतील मुलांना आता या छंदाची ओढ लागली आहे. म्हणून त्याचे आकर्षण आणि त्यातील धोके दोन्ही समजून घेणे उपयुक्त ठरेल.

१७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायो राज्यातील कँटन या गावी, मोटारी विकणाऱ्या एका दुकानात काही संघांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी एक व्यावसायिक संघटना उभी केली. आजची नॅशनल फुटबॉल लीग ती हीच. तिचे पहिले अध्यक्ष जिम थॉर्प हे मूळ अमेरिकी जमातीत जन्मलेले असामान्य खेळाडू होते. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन सुवर्णपदके जिंकली. पूर्वी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते, या कारणावरून ती पुढच्याच वर्षी काढून घेण्यात आली. १९५३ साली थॉर्प निवर्तले. पदकांचा मान त्यांच्या नावे परत आला तो त्यानंतर अनेक दशकांनी. त्यांच्या हयातीत स्वाक्षऱ्यांचा आजच्यासारखा बाजार नव्हता. म्हणून त्यांची खरी सही आज दुर्मीळ मानली जाते.

सही करणारा हात

संग्राहकांच्या जगात जॉनी युनिटास हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. १९५५ साली पिट्सबर्गच्या संघाने त्यांना खेळण्याची संधी न देताच काढून टाकले. घर चालवण्यासाठी युनिटास बांधकामावर मजुरी करत आणि सामन्यामागे सहा डॉलर घेऊन एका स्थानिक संघाकडून खेळत. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्स संघाने त्यांना घेतले. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर झालेला अंतिम सामना बरोबरीत सुटल्याने वाढीव वेळेत गेला. युनिटास यांच्या नेतृत्वाखाली कोल्ट्सनी तो २३–१७ असा जिंकला. दूरचित्रवाणीवरून देशभर पाहिल्या गेलेल्या या सामन्याने अमेरिकी फुटबॉलचे भाग्य उजळले, असे खेळाचे इतिहासकार मानतात.

मात्र ज्या उजव्या हाताने चेंडू फेकून युनिटास यांनी हे वैभव मिळवले, त्याच हाताला १९६८ साली गंभीर दुखापत झाली. उतारवयात त्या हातातील शक्ती इतकी गेली की जेवताना काटा धरणेही कठीण झाले, आणि गोल्फ खेळायचे तर दांडा हाताला पट्ट्याने बांधावा लागे. खेळाडूंसाठी असलेल्या अपंगत्व साहाय्य योजनेतून त्यांना मदत नाकारली गेली. २००२ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी सही केलेला चेंडू आज हजारो किलोमीटर दूरच्या घरात काचेआड झळकत असेल. पण त्या शाईमागे हा झिजलेला हात आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

शिकागो बेअर्सचे वॉल्टर पेटन यांची कथाही अशीच चटका लावणारी आहे. स्वभावाच्या आणि खेळाच्या माधुर्यामुळे चाहते त्यांना ‘स्वीटनेस’ म्हणत. तेरा मोसमांत त्यांनी चेंडू घेऊन धावत १६,७२६ यार्ड अंतर कापले. तो त्या काळचा विक्रम होता. कित्येक वस्तूंवर सहीबरोबर हे टोपणनाव आणि हा आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला आढळतो. १९९९च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्याला यकृताचा दुर्धर आजार असल्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, वयाच्या अवघ्या चाळिशीतच त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्या काही महिन्यांत अवयवदानाचा प्रश्न अमेरिकेतील असंख्य घरांपर्यंत पोहोचला. समाजसेवेत अग्रेसर असलेल्या खेळाडूला दरवर्षी दिला जाणारा लीगचा सन्मान आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

खऱ्याखोट्याचा बाजार

मागणी वाढली की भेसळ येते, हा बाजाराचा नियम येथेही चुकला नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम हाती घेतली. तीत कॅलिफोर्नियातील एक मोठी टोळी उघडकीस आली. प्रसिद्ध व्यक्तींच्या सह्या ही मंडळी सराईतपणे गिरवत आणि सोबत खरेपणाचे प्रमाणपत्रही जोडत. त्यांचे धाडस इतके की मदर तेरेसा यांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही त्यांनी विक्रीस ठेवले! हातात चेंडू घेऊन सह्या वाटत बसलेल्या मदर तेरेसा कोणी पाहिल्या, हा साधा प्रश्नही खरेदीदारांना पडला नाही. प्रमाणपत्राच्या कागदावर ठेवलेला विश्वास अनेकांना महागात पडला.

या प्रकरणांनंतर सही तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थांचे महत्त्व वाढले. अक्षरांचा वळसा, हाताचा वेग, लेखणीचा दाब आणि त्या खेळाडूच्या सहीत वयानुसार होत गेलेले बदल तज्ज्ञ पाहतात. खोटी सही बहुधा सावकाश काढलेल्या चित्रासारखी असते. तिच्या रेषेत कंप जाणवतो. खरी सही एका दमात उमटते. २००० सालापासून तर ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यातील चेंडूंवर कृत्रिम डीएनए मिसळलेल्या शाईची खूण करण्यात येऊ लागली. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

वस्तू अस्सल असली तरी किंमत टिकेलच असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये टॉम ब्रेडी यांनी निवृत्ती जाहीर केली आणि त्यांनी गुण मिळवून देण्यासाठी फेकलेला ‘अखेरचा’ चेंडू १२ मार्चला पाच लाख १८ हजार डॉलरांहून अधिक किमतीस लिलावात गेला. दुसऱ्याच दिवशी ब्रेडी यांनी पुन्हा खेळणार असल्याचे सांगितले. चेंडू तोच राहिला, पण तो अखेरचा राहिला नाही. पुढे तो व्यवहार रद्द करण्यात आला. मोल चामड्याला नव्हते, त्याच्याशी जोडलेल्या एका शब्दाला होते, हे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले.

घरात छंद जोपासताना

मुलांना हा छंद लावायचा तर काही पथ्ये पाळावीत. गुंतवणूक म्हणून नव्हे, आवड म्हणून सुरुवात करावी. शक्य तर सही समक्ष घ्यावी आणि कोणत्या दिवशी, कोठे घेतली याची नोंद लगेच करून ठेवावी. पुढच्या पिढीला हीच नोंद सर्वांत उपयोगी पडते. विकत घेताना भाव फारच स्वस्त वाटला तर थांबावे. उन्हाने शाई फिकी पडते, म्हणून वस्तू खिडकीसमोर ठेवू नये. अतिनील किरणे अडवणारी पेटी वापरावी. बोटांचा घाम आणि दमट हवा यांपासूनही तिला जपावे. चामड्याच्या वस्तू घरात न ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सामन्यांचे हे चेंडू बोलीत ‘डुकराचे कातडे’ म्हणून ओळखले जात असले तरी प्रत्यक्षात गाईच्या चामड्याचे असतात. अशा घरांसाठी छायाचित्रे, पत्ते आणि प्लास्टिकची शिरस्त्राणे हा पर्याय आहेच.

याहून महत्त्वाचे म्हणजे, सहीबरोबर त्या माणसाचे चरित्रही घरात यावे. सहा डॉलरांसाठी खेळलेला मजूर, पदके हिरावली गेलेला धावपटू, मरणाच्या दारात उभा राहून अवयवदानाचा विषय घराघरात नेणारा वीर, यांची ओळख ज्या मुलाला झाली, त्याच्या संग्रहात एकच साधे छायाचित्र असले तरी तो संग्रह समृद्ध म्हणावा लागेल.