गूगलविना अँड्रॉइड : खासगीपणा मिळतो, पण व्यवहाराचे काय?

तंजावरमध्ये सोन्याचा वर्ख लावून देवादिकांची चित्रे घडविणारा कारागीर आज मागणी फोनवर घेतो, तयार चित्राचे छायाचित्र फोनवरून पाठवितो आणि पैसेही फोनवरच स्वीकारतो. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांच्या काळात या भागात आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी आणि बाजारात तामिळ बोलतात. चेन्नई, पुणे किंवा परदेशात विखुरलेल्या नातलगांशी त्यांचा संबंध टिकून आहे तो याच उपकरणामुळे. धंदा, बँक आणि नातीगोती एकाच उपकरणात एकवटल्यावर ते उपकरण आपली माहिती कोणाला देते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

या प्रश्नाला एक उत्तर सुचविले जाते : फोन तोच ठेवावा, पण त्यावरील ऑपरेटिंग सिस्टीम बदलून खासगीपणा जपणारी दुसरी बसवावी. हे उत्तर खरे आहे, परंतु पूर्ण नाही.

फोन कोणाशी बोलतो?

डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील प्राध्यापक डग्लस लीथ यांनी २०२१ साली केलेल्या मोजणीत, वापरात नसलेला फोनही सरासरी दर साडेचार मिनिटांनी माहिती पाठवीत असल्याचे आढळले. अँड्रॉइड फोन गूगलशी आणि आयफोन अॅपलशी अशा प्रकारे संपर्कात होता. त्याच वर्षी एडिनबर्ग विद्यापीठातील संशोधकांसह झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सॅमसंग, शाओमी, हुआवे आणि रियलमी यांच्या फोनमधील प्रणाली तपासण्यात आल्या. मूळ उत्पादक आणि आधीच बसविलेल्या अॅपच्या कंपन्यांकडेही बरीच माहिती जात असल्याचे त्यातून दिसून आले. या तपासणीत '/ई/ओएस' ही पर्यायी प्रणाली ठळक अपवाद ठरली.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड बाजारपेठेतील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी कायदा अपील लवादाने मार्च २०२३ मध्ये हा दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले.

पर्याय कोणते?

अँड्रॉइडचा मूळ गाभा मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. बाजारातील बहुतेक फोनमध्ये त्यावर गूगलच्या सेवा आणि उत्पादकाची स्वतःची भर घातलेली असते. पर्यायी प्रणाली हा गाभा घेऊन वरची भर वगळतात अथवा बदलतात.

'लिनेजओएस' हा प्रकल्प २०१६ च्या अखेरीस 'सायनोजेनमॉड' बंद पडल्यानंतर सुरू झाला. उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेल्या अनेक जुन्या फोनना तो नवे आयुष्य देतो. मँड्रेक लिनक्सचे निर्माते गाएल दुव्हाल यांनी सुरू केलेली '/ई/ओएस' ही प्रणाली गूगलच्या सेवांऐवजी 'मायक्रोजी' हा मुक्त पर्याय वापरते. सुरक्षेवर सर्वाधिक भर देणारी 'ग्राफीनओएस' ही प्रणाली प्रामुख्याने गूगलच्याच पिक्सेल फोनसाठी तयार केली जाते.

तामिळनाडूतील प्रयत्न

पर्यायी प्रणाली ही तामिळनाडूला नवी गोष्ट नाही. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने संगणकांसाठी 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली विकसित केली. राज्य सरकारने सप्टेंबर २०११ मध्ये सुरू केलेल्या मोफत लॅपटॉप योजनेतील संगणकांवर विंडोजबरोबर 'बॉस'ही देण्यात आली होती.

फोनच्या क्षेत्रात असा प्रयत्न जानेवारी २०२३ मध्ये पुढे आला. आयआयटी मद्रासच्या 'प्रवर्तक' प्रतिष्ठानच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या 'जँडकॉप्स' या कंपनीने 'भारओएस' सादर केली. केंद्रीय मंत्री धर्मेंद्र प्रधान आणि अश्विनी वैष्णव यांनी २४ जानेवारी रोजी तिची चाचणी घेतली. तिच्यात कोणतेही अॅप आधीपासून लादलेले नसते. अॅप विश्वासार्ह खासगी भांडारातून घेता येतात, असे तिचे स्वरूप सांगण्यात आले. मात्र त्या वेळी ही सेवा कडक गोपनीयता आवश्यक असलेल्या संस्थांसाठी होती. सर्वसामान्य ग्राहकाने घरी बसून फोनवर चढवावी, असे तिचे प्रयोजन नव्हते. तंजावरच्या कारागिरापुढील निवड त्यामुळे मुख्यतः आधी उल्लेखिलेल्या मुक्त प्रकल्पांपुरतीच राहते.

बदल कसा होतो?

प्रथम आपल्या फोनचे नेमके मॉडेल त्या प्रकल्पाच्या यादीत आहे का, ते पाहावे लागते. एकाच नावाच्या फोनच्या दोन आवृत्तींत आतील भाग वेगळे असू शकतात आणि चुकीची आवृत्ती चढविल्यास फोन निकामी होऊ शकतो. यानंतर छायाचित्रे, संपर्क व संदेश यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी लागते. फोनचे 'बूटलोडर' हे कुलूप उघडले की सर्व माहिती पुसली जाते. मग संगणकाला केबलने जोडून नवी प्रणाली चढविली जाते.

हे कुलूप उघडण्याची परवानगी देणे उत्पादकाच्या हाती असते. काही कंपन्या ती देत नाहीत, तर काही ठिकाणी फोनच्या हमीवर त्याचा परिणाम होतो. कुलूप उघडेच राहिल्यास फोन हाती पडलेल्या व्यक्तीला प्रणालीत ढवळाढवळ करणे सोपे जाते. काही मोजक्या फोनवरच नवी प्रणाली बसविल्यानंतर ते पुन्हा सुरक्षितपणे लावता येते.

अडचण कोठे येते?

खरी कसोटी पैशाच्या व्यवहारात लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे फोन हाच गल्ला झाला आहे. बँका आणि पेमेंट अॅप फोनची विश्वासार्हता तपासतात. त्यासाठी अनेकदा गूगलच्याच 'प्ले इंटिग्रिटी' सेवेचा आधार घेतला जातो. गूगलने प्रमाणित न केलेल्या प्रणालीवर असे अॅप चालण्यास नकार देऊ शकते किंवा आज चालणारे अॅप पुढच्या आवृत्तीत बंद पडू शकते. विरोधाभास असा की, सुरक्षा-दुरुस्त्या थांबलेला जुना फोनही या तपासणीत अनेकदा उत्तीर्ण होतो आणि ताज्या दुरुस्त्या असलेली पर्यायी प्रणाली नापास ठरते.

भाषेच्या बाबतीत चित्र त्या मानाने समाधानकारक आहे. अँड्रॉइडच्या मुक्त कळफलकात मराठी आणि तामिळ या दोन्ही मांडण्या उपलब्ध आहेत. मात्र बोलून मजकूर लिहिणे, छायाचित्रातील पाटी वाचून भाषांतर करणे यांसारख्या गूगलच्या सोयींना मुकावे लागते. घरात मराठी बोलणाऱ्या, पण देवनागरी लिहिण्याचा सराव नसलेल्या ज्येष्ठांना ही उणीव जाणवू शकते.

काय बदलत नाही?

प्रणाली बदलली तरी मोबाइल कंपनीकडील मनोऱ्यांच्या नोंदी तशाच राहतात. बँकेला व्यवहार दिसतात. व्हॉट्सअॅपवरील मजकूर सांकेतिक स्वरूपात असला तरी कोण कोणाशी केव्हा संपर्क साधतो, ही माहिती कंपनीपर्यंत पोहोचू शकते. नव्या फोनवर पुन्हा गूगलचे सर्व अॅप बसविल्यास बदलाचा हेतूच बव्हंशी विफल होतो. २०२१ च्या अभ्यासात गूगलच्या सेवांसह तपासलेल्या लिनेजओएसच्या बाबतीत गूगलकडे माहिती जातच होती.

निवड कशी करावी?

ज्यांची उपजीविका यूपीआयवर अवलंबून आहे, त्यांनी एकमेव फोनवर हा प्रयोग करणे धोक्याचे ठरते. घरात पडून असलेला, यादीत समाविष्ट असलेला जुना फोन आधी घ्यावा. त्यावर आपल्या बँकेचे अॅप काही आठवडे वापरून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा. व्यवहारासाठी मूळ प्रणालीचा एक फोन आणि संवाद, वाचन, छायाचित्रे यांसाठी पर्यायी प्रणालीचा दुसरा, अशी विभागणीही शक्य आहे.

प्रणाली न बदलताही काही साध्य होते. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढील आवृत्तींत जाहिरात ओळख क्रमांक पुसून टाकता येतो. स्थानाचा इतिहास बंद करता येतो. कोणत्या अॅपला ध्वनिग्राहक, कॅमेरा आणि संपर्क यांची परवानगी आहे, हे पाहून अनावश्यक परवानग्या काढून घेता येतात. 'एफ-ड्रॉइड'सारख्या मुक्त भांडारातील अॅप सध्याच्या फोनवरही चालतात.

फोन विकत घेतल्याने त्याची मालकी पूर्णपणे ग्राहकाकडे येत नाही. कुलपाची किल्ली उत्पादकाकडे आणि विश्वासार्हतेचा शिक्का गूगलकडे राहतो. बँका आणि पेमेंट अॅप यांनी पर्यायी प्रणालींना स्वतंत्र कसोटीवर तपासण्याची तयारी दाखविल्याशिवाय खासगीपणा आणि रोजचा व्यवहार यांतून एकाची निवड करण्याची वेळ सामान्य ग्राहकावर येतच राहील.