गप्प बसणाऱ्याचं काय होतं?

मार्च १९६२मध्ये भारत सरकारनं गोव्यासाठी एक आदेश काढला. पोर्तुगीज जाऊन तीन महिने झाले होते आणि साडेचारशे वर्षांच्या राजवटीनंतर इथली माणसं कुठल्या देशाची, हे एकदाचं ठरवायचं होतं. आदेशानं ते सोपं केलं. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मला, किंवा ज्याचे आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कुणी तिथं जन्मलं, तो त्या दिवसापासून भारतीय. ज्याला पोर्तुगीजच राहायचं असेल, त्यानं महिन्याभरात तसं लेखी कळवावं.

म्हणजे पेडण्यातल्या निरक्षर कुळानं किंवा काणकोणच्या रापणकारानं काहीही केलं नाही, सरकारी कचेरीचं तोंडही पाहिलं नाही, तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं. धावपळ करायची होती ती वेगळं काही हवं असणाऱ्यांनी.

एकोणसाठ वर्षांनी, जून २०२१मध्ये, याच गोवेकरांची मुलं-नातवंडं इंग्लंडमध्ये अशाच एका बदलाला सामोरी गेली. या वेळी नियम बरोबर उलटा होता. ३० जूनपर्यंत अर्ज केला नाही, तर १ जुलैच्या सकाळी तुम्ही त्या देशात बेकायदा. राज्य बदलतं, सीमा हलते, करार मोडतो, तेव्हा तिथं राहणाऱ्या परक्यांच्या हक्काबद्दल नेत्यांची भाषणं ऐकण्यापेक्षा एवढंच पाहावं, की जो गप्प बसेल त्याचं काय होणार आहे. बाकी सगळं त्यावरून कळतं.

लंडनच्या पश्चिमेला, रेल्वेनं तासाभरावर स्विंडन आहे. पूर्वी ते रेल्वेच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं, मग होंडाच्या मोटारींसाठी. तो कारखानाही २०२१मध्ये बंद झाला. भोवती मोठमोठी गोदामं आहेत. तिथल्या पाळ्यांवर कोकणी ऐकू येते, चर्चमध्ये कोकणीतून मिसा होते. हे गोवेकर तिथं पोचले ते पोर्तुगालच्या एका कायद्यामुळे. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीजच. त्याच्या मुलांना आणि नातवंडांनाही लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून ते नागरिकत्व मिळवता येतं. पोर्तुगाल १९८६मध्ये युरोपीय समुदायात गेला, आणि आजोबांच्या जन्मदाखल्याला अचानक मोल आलं. दाखले शोधणं, नावांतल्या चुका दुरुस्त करणं, भाषांतरं, वकील, एजंट असा एक धंदाच मडगाव-पणजीत उभा राहिला. पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला, की युरोपीय संघाच्या कुठल्याही देशात राहता येई, काम करता येई. बहुतेकांनी पोर्तुगाल निवडला नाही. इंग्रजी येत होतं, ओळखीचं कुणी आधी गेलेलं होतं. माणसं ब्रिटनला गेली.

त्याची किंमतही मोठी होती. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं, की भारताचं आपोआप जातं; मग उरतं ते ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड. (नुसता जन्म लिस्बनला नोंदवला एवढ्यानं भारतीयत्व जातं का, यावर गोव्यात आमदारकीपर्यंत वाद पोचले आहेत. तो वेगळ्या लेखाचा विषय.) म्हणून ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, त्या ब्रेक्झिटचा घाव गोवेकरावर जरा वेगळा बसला. स्विंडनमधल्या जर्मन माणसाला मागं जर्मनी तरी होती. गोवेकराच्या पासपोर्टावरचा देश होता पोर्तुगाल, जिथं तो कदाचित कागदपत्रांपुरताच गेला असेल. आणि जिथं घर, शेत, स्मशान सगळं आपलं, तिथं तो कायद्यानं परदेशी.

२३ जून २०१६च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. त्याआधी तीन आठवडे, १ जूनला, बाहेर पडण्याचा प्रचार करणाऱ्या मायकल गोव्ह, बोरिस जॉन्सन, प्रीती पटेल आणि जिझेला स्टुअर्ट यांनी संयुक्त निवेदन काढलं होतं. देशात कायदेशीर राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना कायमच्या वास्तव्याचा हक्क आपोआप मिळेल, असं त्यात आश्वासन होतं. ३० जून २०२१ला अर्जाची मुदत संपली, तेव्हा ब्रिटनच्या गृहमंत्री होत्या प्रीती पटेल.

मधल्या काळात या माणसांचं जे झालं ते फारसं शोभणारं नव्हतं. वाटाघाटी सुरू होण्याआधीच लियम फॉक्स या मंत्र्यांनी युरोपीय नागरिकांचा अनिश्चित दर्जा हा ब्रिटनच्या हातातला एक मोठा पत्ता असल्याचं बोलून दाखवलं. मार्च २०१७मध्ये लॉर्ड्स सभागृहानं ३५८ विरुद्ध २५६ मतांनी या लोकांच्या हक्काची हमी आधीच द्यावी अशी दुरुस्ती मंजूर केली; कॉमन्सनं ती फेटाळली. तिकडे स्पेन, फ्रान्समध्ये राहणारे ब्रिटिश लोकही तितकेच अधांतरी होते. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांसाठी ओलीस आहेत, हे आधी त्यांच्याच लक्षात आलं. ब्रिटनमधल्या युरोपीयांची ‘द थ्री मिलियन’ आणि युरोपातल्या ब्रिटिशांची ‘ब्रिटिश इन युरोप’ या दोन संघटना हातात हात घालून लंडन आणि ब्रसेल्सचे उंबरठे झिजवत राहिल्या. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात पुढे झालेल्या विलगीकरणाच्या करारातला नागरिकांच्या हक्कांचा भाग बराचसा टिकला, त्यात या दोघांच्या चिकाटीचा वाटा आहे.

तो करार मन लावून वाचला तर चांगला आहे. ३१ डिसेंबर २०२०पर्यंत जो तिथं राहायला आला, त्याचा राहण्याचा, कामाचा, शाळा-दवाखान्याचा हक्क आयुष्यभराचा. मेख अठराव्या कलमात होती. हा हक्क अंमलात कसा आणायचा, याचे दोन मार्ग त्या कलमानं प्रत्येक देशाला दिले. पहिल्या मार्गात हक्क कायद्यानं आधीच असतो, कार्ड काढायचं ते फक्त दाखवण्यापुरतं. कार्डाला उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. जर्मनी, स्पेन, पोर्तुगाल या वाटेनं गेले. दुसऱ्या मार्गात अर्ज केला आणि मंजूर झाला, तरच दर्जा मिळतो. ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन यांनी हा मार्ग घेतला. नियम परकीयांना लावताना कुणाला काही वाटलं नव्हतं. पण पुढे डेन्मार्क आणि स्वीडननं उशिरा अर्ज करणाऱ्या ब्रिटिशांनाच देश सोडायला सांगितलं, तेव्हा ब्रिटिश वर्तमानपत्रांना त्यातला अन्याय ठळक दिसला.

ब्रिटनची योजना राबवणूक म्हणून वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. सुरुवातीला ठेवलेलं ६५ पौंडांचं शुल्क रद्द झालं. फोनवरच्या अ‍ॅपनं पासपोर्टची चिप वाचायची, करखात्याच्या नोंदींवरून वास्तव्य तपासायचं, पाच वर्षं भरली असतील तर कायमचा दर्जा, कमी असतील तर तात्पुरता. आधीच्या पद्धतीत कायम वास्तव्याच्या दाखल्यासाठी ८५ पानांचा अर्ज भरावा लागे. त्या मानानं हे सुखाचंच. गोदामात नियमित पगार घेणाऱ्याचं काम थोडक्यात होई. अडचण त्याच्या आईची. ती नातवंडं सांभाळायला आलेली. तिच्या नावावर पगार नाही, वीजबिल नाही, भाडेकरार नाही. पाच वर्षं रोज त्या घरात स्वयंपाक करूनही, आपण तिथं होतो हे सिद्ध करायला तिच्याकडे कागद नव्हता. आणि जुना कायम वास्तव्याचा दाखला जपून ठेवलेल्यांना वाटायचं, आपल्याला अर्जाची काय गरज? त्यांनाही अर्ज सक्तीचाच होता.

आकड्यांचीही गंमत पाहा. देशात असे लोक तीस-पस्तीस लाखांच्या आसपास असावेत असा सरकारी अंदाज होता. मुदतीपर्यंत अर्ज आले साठ लाखांवर. काहींनी दोनदा केले असतील, तरी किती माणसं राहतात हेच ज्या सरकारला ठाऊक नव्हतं, त्यानं कुणी राहून तर गेलं नाही ना, हे कुठल्या यादीवरून पाहायचं?

राहून गेलेल्यांचं काय होतं, याचं युरोपातलं सर्वांत कडू उदाहरण स्लोव्हेनियाचं. जून १९९१मध्ये तो युगोस्लाव्हियातून फुटून स्वतंत्र झाला. तिथं राहणाऱ्या सर्ब, क्रोएट, बोस्नियाक, रोमा अशा इतर प्रजासत्ताकांतल्या लोकांना नागरिकत्वासाठी अर्ज करायला सहा महिने दिले. दीड लाखाहून जास्त लोकांनी अर्ज केले आणि त्यांना नागरिकत्व मिळालंही. ज्यांनी केले नाहीत, किंवा ज्यांचे नामंजूर झाले, त्यांची नावं २६ फेब्रुवारी १९९२ला कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकली. सरकारच्याच नंतरच्या मोजणीनुसार ही माणसं होती २५,६७१. कुणाला साधी नोटीस नाही. माणूस दुसऱ्याच कामासाठी कचेरीत जाई, कारकून ओळखपत्र मागून घेई आणि त्याला भोक पाडून परत देई. नोकरी गेली, दवाखाना गेला, पेन्शन गेलं. कित्येक जण तिथंच जन्मलेले होते. आपण पुसले गेलो आहोत हे काहींना वर्षांनी कळलं.

१९९९मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं, तरी प्रश्न पुरता सुटला नाही. २००४मध्ये हक्क परत देण्याच्या कायद्यावर सार्वमत घेतलं, त्यात मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी, जवळजवळ ९५ टक्क्यांनी, नकार दिला. अल्पसंख्य परक्यांचे हक्क बहुसंख्यांच्या मताला टाकू नयेत, याला याहून दुसरा पुरावा नको. अखेर जून २०१२मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं स्लोव्हेनियाला दोषी धरलं आणि भरपाई द्यायला लावली. राष्ट्राध्यक्ष बोरुत पाहोर यांची जाहीर माफी आली २०२२मध्ये, तीस वर्षांनी.

मग सरसकट हक्क देऊन मोकळं व्हावं, अर्जाची कटकटच नको, असं म्हणावं तर ब्रिटनकडे त्याचंही उत्तर तयार होतं: विंडरश प्रकरण. १९४८पासून कॅरिबियन बेटांतून आणि नंतर इतर वसाहतींतून आलेल्या लोकांना १९७१च्या कायद्यानं राहण्याचा हक्क आपोआप दिला होता, पण हातात कागद दिला नव्हता. चाळीस वर्षांनी सरकारनं धोरण बदललं. घरमालक, बँका, मालक, इस्पितळं सगळ्यांना माणसाचे कागद तपासायला लावलं. बंदरावर उतरतानाची त्यांची जुनी कार्डं गृहखात्यानं २०१०मध्ये नष्ट केलेली. आयुष्यभर कर भरलेली साठीची माणसं बेकायदा ठरली. किमान ८३ जणांना चुकीनं देशाबाहेर काढल्याचं सरकारनं कबूल केलं.

युरोपीयांना अर्ज करायला लावला तो पुन्हा विंडरश होऊ नये म्हणून, असा युक्तिवाद सरकार करत राहिलं. मला तो अर्धाच पटतो. विंडरशवाल्यांचं नुकसान हक्क आपोआप मिळाल्यानं झालं नाही, पुरावा न दिल्यानं झालं. त्यावर उपाय म्हणून हक्क कायद्यानं देऊन शिवाय कार्डही देता आलं असतं. ब्रिटननं नेमकं उलट केलं: हक्क अर्जावर टांगला आणि हातात ठेवायला कार्डही दिलं नाही. दर्जा फक्त संगणकावर. नोकरी किंवा भाड्यानं खोली घेताना संकेतस्थळावरून एक कोड काढायचा आणि मालकाला द्यायचा. संकेतस्थळ बंद असेल त्या दिवशी आपण कोण, हे सांगायची सोय नाही.

गोव्याच्या १९६२च्या आदेशाचं मी कौतुक केलं, पण त्याचीही दुसरी बाजू होती. गप्प बसणाऱ्याला त्यानं सांभाळलं, बोलणाऱ्याला नाही. मोन्सिन्योर सेबास्तियांव मोंतेरो या पाद्रींनी मुदतीत कळवलं, की आपल्याला पोर्तुगीजच राहायचंय. त्यांना राहण्याचा परवाना मिळाला, तो नोव्हेंबर १९६४मध्ये संपला. त्यांनी तो वाढवूनही घेतला नाही आणि गोवाही सोडला नाही. तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड झाला. आपली भूमी लष्करानं व्यापलेली आहे, म्हणून जिनिव्हा करारानुसार आपल्याला हलवता येणार नाही, असं म्हणत ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठानं सांगितलं, की गोवा आता भारताचाच भाग आहे, इथं लष्करी ताबा उरलेला नाही, त्यामुळे तो करार लागू नाही. मोंतेरो हरले. कायद्यानं ते ठीक असेलही. पण जन्मभर जिथं राहिला तिथं परकीय म्हणून का होईना, राहण्याचा कायमचा हक्क अशा माणसाला द्यायला नव्या राज्याला फार काही गमवावं लागलं नसतं.

ब्रिटनमध्ये शेवटी आधाराला आलं न्यायालयच. ज्यांना तात्पुरता दर्जा होता, त्यांनी पाच वर्षं भरताच दुसरा अर्ज केला नाही तर हक्क संपेल, असा सरकारचा नियम होता. करारातूनच जन्मलेल्या, सरकारपासून स्वतंत्र अशा देखरेख संस्थेनं यावर सरकारलाच कोर्टात खेचलं. डिसेंबर २०२२मध्ये उच्च न्यायालयानं निकाल दिला: करारानं एकदा मिळालेला हक्क नुसता दुसरा अर्ज न केल्यानं जाऊ शकत नाही. सरकारनं तो मान्य केला. सप्टेंबर २०२३पासून तात्पुरत्या दर्जाची मुदत आपोआप वाढू लागली आणि २०२५पासून करखात्याच्या नोंदी पाहून पात्र लोकांना अर्जाविना कायमचा दर्जा द्यायला सुरुवात झाली. २०१६च्या निवेदनातलं ‘आपोआप’ असं नऊ वर्षांनी, काही लोकांपुरतं, खरं झालं.

सगळंच सुटलेलं नाही. स्विंडनमधल्या गोवेकरानं २०२० संपण्यापूर्वी लग्न केलं असेल, तर बायकोला आणायचा हक्क करारानं शाबूत आहे. नातंच त्यानंतर जुळलं असेल तर ब्रिटनचा साधा कायदा लागू, आणि त्यासाठी एप्रिल २०२४पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावं लागतं. आधी ते १८,६०० होतं. गोदामातल्या पगारात ते जमवायचं म्हणजे जादा पाळ्या आल्याच. शिवाय कराराच्या अर्थाबद्दल लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला विचारण्याची मुभा ब्रिटिश न्यायाधीशांना २०२८च्या अखेरपर्यंत सुरू झालेल्या खटल्यांपुरतीच आहे. त्यानंतरच्या तंट्यांत करार तोच राहील, पण त्याचा अर्थ लावायचं काम एकट्या ब्रिटनच्या न्यायालयांकडे असेल.