ओशाळलेल्या चेहऱ्यासाठी इंग्रजी विशेषणे

मराठीत ‘लाज वाटणे’ या एकाच शब्दप्रयोगात बुजरेपणा, ओशाळलेपण आणि अपराधाची जाणीव या तिन्ही छटा सामावतात. इंग्रजीत मात्र त्यांसाठी अनुक्रमे ‘शाय’, ‘एम्बॅरस्ड’ आणि ‘अशेम्ड’ अशी स्वतंत्र विशेषणे आहेत. बैठकीस थोडा उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करताना ‘अशेम्ड’ लिहिल्यास नैतिक अपराधाची कबुली दिल्यासारखे वाटते. तेथे ‘एम्बॅरस्ड’ पुरेसे आहे.

प्रत्ययाकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. ‘आय ॲम एम्बॅरस्ड’ म्हणजे ‘मी ओशाळलो आहे’. ‘आय ॲम एम्बॅरसिंग’ म्हणजे ‘माझ्यामुळे इतरांना ओशाळावे लागते’. मुलाखतीत ही चूक झाल्यास उमेदवार स्वतःविषयी भलतेच सांगून बसतो.

चेहऱ्यावर दिसणाऱ्या भावासाठी अधिक नेमके शब्द उपलब्ध आहेत. किरकोळ चूक उघड झाल्यावर उमटणारे ओशाळे हसू ‘शीपिश’ ठरते. मेंढीवरून आलेले हे विशेषण बहुधा ‘स्माइल’, ‘ग्रिन’ किंवा ‘लुक’ यांच्याआधी येते. गंभीर गुन्ह्याच्या संदर्भात ते शोभत नाही. अपराधी भावनेने खाली गेलेल्या मानेसाठी ‘शेमफेस्ड’ योग्य ठरते.

‘मॉर्टिफाइड’ ही या भावनेची परिसीमा होय. मृत्यूवाचक लॅटिन धातूपासून आलेल्या या शब्दाला मराठीतील ‘मेल्याहून मेल्यासारखे होणे’ हा वाक्प्रचार चपखल बसतो. त्यात तीव्रता मुळातच असल्याने त्याआधी ‘व्हेरी’पेक्षा ‘ॲब्सोल्यूटली’ अधिक स्वाभाविक वाटते.

‘फ्लश्ड’ म्हणजे लालबुंद. मात्र चेहरा तापाने, रागाने किंवा धावपळीनेही लाल होतो. त्यामुळे ‘फ्लश्ड विथ एम्बॅरसमेंट’ असे कारण जोडणे इष्ट. सावळ्या वर्णावर ही लाली सहज दिसत नाही. चार्ल्स डार्विन यांनी भावाभिव्यक्तीवरील १८७२ सालच्या ग्रंथात या मुद्द्याची चर्चा केली आहे. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत ‘रेड-फेस्ड’ हे विशेषण बहुतेक वेळा लाक्षणिक अर्थाने, एखाद्या संस्थेची वा संघाची नाचक्की झाल्यावर वापरले जाते.

विशेषण निवडताना चूक किती मोठी होती आणि चेहऱ्यावर प्रत्यक्षात काय दिसले, हे दोन प्रश्न विचारल्यास योग्य शब्द सापडणे सुलभ होते.